राजाच्या वाक्याचं शेपूट

आमच्या भिंतीपलीकडच्या गृहस्थाला मी तोंडावर भाऊजी म्हणते आणि पाठीमागे भोंगा. हे नाव माझं नाही. जिन्यातल्या सगळ्यांनी मिळून ठेवलंय. मी फक्त ते गंजू दिलं नाही. या माणसाला साधं बोलता येत नाही. खालच्या दाराशी उभा राहून तो ‘पाणी आलं का’ असं विचारतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला वाटतं, कुणीतरी गेलं.

आयुष्यभर त्याने एका चार मजली दुकानात माइकवर बसून घोषणा केल्या. घोषणा तरी किती? काळी गाडी दारातून हलवा, निळ्या सदऱ्यातलं मूल सापडलंय, दुकान बंद होतंय. पोपटालाही याहून जास्त वाक्यं येतात, आणि पोपट मिरची मिळाली की गप्प तरी बसतो. पण आमचा भोंगा स्वतःला कलावंत समजायचा, आणि त्या कलेचा प्राण म्हणजे म्हणे विराम. वाक्यातला शेवटचा शब्द तोंडात धरून ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, आणि मग उपकार केल्यासारखा तो शब्द सोडायचा. ‘दुकान आता बंद होत...’ एवढ्यात लोक आणखी एक टॉवेल घेऊन रांगेत यायचे. ‘...आहे.’ लग्न ठरवताना त्याने वहिनींना ‘तुम्ही मला पसंत...’ असं म्हणून असाच विराम घेतला होता. त्या शांततेला घाबरून बिचारीने होकार देऊन टाकला. अजून पस्तावते, असं मी म्हणत नाही, ती म्हणते.

मग एके दिवशी दुकानाने एका मुलीच्या आवाजात ती सगळी वाक्यं एकदाच मुद्रित करून घेतली आणि भोंग्याला तळमजल्यावर, न बसणारे बूट परत घ्यायच्या खिडकीवर नेऊन बसवलं. माइक गेला तो गेलाच. त्याला लागलं, हे खरं. भिंतीतून मला ऐकू यायचं. तो आरशाशी बोलायचा, पंख्याशी बोलायचा, एकदा तर इस्त्रीला दारातून हलायला सांगत होता. मला वाईट वाटलं. मग मी स्वतः एक जोड परत करायला गेले, तेव्हा ‘हा बूट आपण घालून पाहिला...’ म्हणून तो जो थांबला, की माझ्यामागची रांग वळून दाराबाहेर गेली. माझं वाईट वाटणं त्या रांगेबरोबरच बाहेर गेलं.

आता जावई. भोंग्याचा जावई औषधांच्या खोक्यांवरची मुंगीएवढी अक्षरं जुळवायचं काम करतो. माणूस इतका मऊ की त्याच्या शेजारी उशी कडक वाटावी. संध्याकाळी तो आणि त्याच्यासारखीच हौस असलेली काही मंडळी मिळून एका जुन्या परदेशी व्हिडिओ गेममध्ये मराठी आवाज भरतात. खेळ ज्यांनी बनवला त्यांना याचा पत्ताही नसतो. ही मंडळी खेळाच्या पोटात हात घालतात, मूळ आवाजाची एकेक फाइल उचलून बाहेर काढतात आणि त्याच जागी आपली ठेवतात. याला मॉड म्हणतात. आमच्या लहानपणी याला उचापती म्हणायचे आणि धपाटा मिळायचा.

खेळात एक राजा आहे, त्याचं राज्य आहे, चहूकडे शत्रू आहेत. खेळणारा म्हणजे राजाचा शिपाई. राजा काय बोलतो ते ऐकून त्याने ठरवायचं, कुठे जायचं, काय टाळायचं, कुणाला मारायचं. एके दिवशी जावई सासऱ्याकडे जेवायला आला असताना, काहीतरी बोलायचं म्हणून, तोंडदेखलं म्हणाला, की बाबा, तुम्हीही एखादा आवाज द्या ना. त्याच्या मनात एक द्वारपाल होता, त्याला सगळ्या खेळात ‘कोण आहे’ एवढंच विचारायचं होतं. भोंग्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, ‘राजा मी...’ लेकीने बापाकडे पाहिलं, जावयाने लेकीकडे पाहिलं, वहिनींनी ताटाकडे पाहिलं. ‘...करीन.’

सासऱ्याला नाही म्हणायची जावयाची काय बिशाद.

त्या दिवसापासून आमच्या भिंतीला कान राहिले नाहीत, तोंडच फुटलं. ध्वनिमुद्रणासाठी खोलीत घुमणारा आवाज चालत नाही म्हणून भोंगा कपड्यांचं कपाट उघडून त्यात कमरेपर्यंत शिरायचा. वर रजई. बाहेर दिसायचं काय, तर ढगळ पायजमा आणि दोन टाचा. राज्याचा कारभार तिथून चालायचा. आम्हाला ताकीद होती: मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, नळ सोडायचा नाही. मला वास्तविक मिक्सरचं काही काम नसायचं. पण नको म्हटलं की मला वाटायला लागतं, काहीतरी वाटावं.

बुटांच्या खिडकीवर त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं. वहिनींच्या मोठ्या भावाला, म्हणजे त्याच्या मेहुण्याला, मुद्दाम फोन केला. हा मेहुणा गावभर पाण्याच्या टाक्या बसवत हिंडतो, जिभेचा मोकळा, आणि माइक गेल्यापासून भोंग्याला ‘काय दाजी, सध्या मौन का’ असं विचारून हैराण करतो. त्याला दाखवायचं होतं. खेळ सगळीकडे गेला की हजारो लोक आपला आवाज ऐकतील, दुकानात चार मजले होते, इथे मजलेच नाहीत, असं भोंगा म्हणायचा. तेवढं एक वाक्य तो विराम न घेता म्हणायचा, यावरून त्याच्या जिवाला ते किती लागलं होतं ते समजा.

जावयाने एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल. मूळ फाइलचं जे नाव तेच आपल्या फाइलचं, अक्षरसुद्धा इकडचं तिकडे नको. आणि मूळ जेवढी लांब तेवढीच आपली. लांबी वाढली तर खेळ आपल्यासाठी थांबत नाही. त्याच्या पोटात प्रत्येक वाक्याची वेळ ठरलेली आहे, ती झाली की तो पुढचं सुरू करतो आणि आपलं उरलेलं शेपूट तोडून टाकतो. भोंग्याने हे सगळं मान डोलावत ऐकलं. मान डोलावणं ही त्याची न ऐकण्याची रीत आहे.

जावयाने फाइली ऐकल्या नाहीत का? ऐकल्या. पण सुट्ट्या ऐकल्या, आणि सुट्ट्या फाइलीत वाक्य पुरं होतं. शेपूट तुटतं ते खेळात. शिवाय सासऱ्याचा आवाज घड्याळ लावून मोजायचा म्हणजे त्याच्या ताटातल्या घासांकडे बघण्यासारखं. याने मोजलं नाही. मऊपणाची फळं.

आता आपली भाषा कशी आहे पाहा. सगळं सांगून होईपर्यंत माणूस काय म्हणतोय ते कळत नाही. हो की नाही, ते अगदी शेवटी. परदेशी राजा ‘नको’ आधी म्हणतो आणि मग कशाला ते सांगतो; आपला राजा आधी सगळं सांगतो आणि मग नको म्हणतो. म्हणजे आपल्या वाक्याचा सगळा जीव शेपटात. आणि भोंग्याचा विराम नेमका शेपटाच्या आधी.

खेळ पहिल्यांदा चाचणीसाठी गटातल्या लोकांकडे गेला आणि सगळ्यांचे शिपाई धडाधड मरू लागले. राजाला म्हणायचं होतं, ‘उत्तरेच्या गुहेत जाऊ नका.’ खेळात ऐकू आलं, ‘उत्तरेच्या गुहेत जाऊ.’ सगळे हौसेने गेले, आत अस्वल होतं. ‘या विहिरीचं पाणी पिऊ नका’ याचं झालं ‘या विहिरीचं पाणी पिऊ.’ राजा एवढ्या प्रेमाने बोलावतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार, प्यायले, मेले. ‘या कटात माझा भाऊ सामील नाही’ याचं ‘या कटात माझा भाऊ सामील’ झालं आणि त्या निरपराध भावाला जो तो दिसेल तिथे भोसकू लागला. सगळ्यांवर कडी म्हणजे राजाची प्रतिज्ञा. शत्रू वेशीपाशी आलाय, दरबारी म्हणतायत पळा, आणि राजा सिंहासनावरून प्रजेला शब्द देतो, ‘मी तुम्हाला सोडून जाणार नाही.’ खेळातला राजा धीरगंभीर आवाजात म्हणाला, ‘मी तुम्हाला सोडून जाणार,’ आणि प्रजेने आनंदाने टोप्या उडवल्या.

हे मला वहिनींनी गॅलरीत कपडे वाळत घालताना सांगितलं. हसता हसता माझ्या हातून चिमटे खाली पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला पुन्हा वाटलं, कुणीतरी गेलं.

जावयाने घाबरत घाबरत एक उपाय केला. सासऱ्याला न सांगता त्याने फाइलींतले सगळे विराम कापून टाकले आणि शब्द एकमेकांना चिकटवले. वाक्यं बसली. तुटलेला ‘नाही’ जागेवर आला. भाऊ वाचला. पण भोंग्याने ते ऐकलं आणि विचारलं, माझा विराम कुठे आहे. मग रुसवा. लेकीकडे जेवायला जाणं बंद, जावयाचं नाव घेणं बंद. फोनवर ‘तुमच्या नवऱ्याला सांग’ असा उल्लेख. स्वतःच्या लेकीला ‘तुमच्या’. माझा अवयव कापलाय, असंही म्हणाला. वहिनींनी मला विचारलं, की घशात असा कुठला अवयव असतो हो. मी म्हटलं, यांच्या घशात नाही, डोक्यात असेल, आणि तोही वाढलेला.

शेवटी लेकीने नवऱ्याला दम भरला आणि त्याने सगळे विराम होते तिथे परत नेऊन ठेवले. अस्वलाची पुन्हा चैन झाली.

गटातली मंडळी मात्र कुणाची जावई नव्हती. त्यांनी सरळ कळवलं, की येत्या रविवारी खेळ सगळ्यांसाठी खुला करायचा आहे. तोवर राजाचं बोलणं वेळेत बसलं तर ठीक, नाहीतर राजा बदलायचा. दुसरा एक जण तयारच होता. त्याचा आवाज बारमाही सर्दी झाल्यासारखा, पण वेळेत बोलायचा. जावयाने हे सासऱ्याला समोर येऊन सांगितलं. आयुष्यात एवढं धाडस त्याने प्रथमच केलं असेल, आणि सांगताना तो सोफ्याच्या कडेवर असा बसला होता की सोफ्यालाही वाटलं असेल, आपण कुणाला त्रास देतोय की काय. मी तिथेच होते. वाटीभर साखर आणायला गेले होते. साखर मला नको होती.

भोंगा लाल झाला, पांढरा झाला, मग हळूच म्हणाला, की मेहुण्याला रविवारचं बोलावणं गेलंय. मग उठला आणि कपाटात शिरला.

त्या दिवशी मी माणसाला स्वतःच्या घशाशी कुस्ती खेळताना पाहिलं. तो भरभर सुरू करायचा. ‘उत्तरेच्यागुहेतजाऊ...’ आणि तिथे अडेलतट्टूसारखा पाय रोवून उभा. पुढचा ‘नका’ निघेचना. पुन्हा. ‘याविहिरीचंपाणीपिऊ...’ पुन्हा खड्डा. रजईच्या आतून घाम निथळत होता, पण सुंभ जळाला तरी पीळ जाईना. आयुष्यभर ज्या जागी थांबला त्या जागी त्याची जीभ आपोआप खुर्ची टाकून बसायची. जावई हळूच म्हणायचा, ‘बाबा, अगदी थोडं लवकर,’ आणि कपाटातून उत्तर यायचं, ‘घाई करणारा राजा नसतो, कारकून...’ आम्ही सगळे थांबायचो. ‘...असतो.’

आणि मध्येच त्याने रजईतून डोकं बाहेर काढलं आणि वहिनींना म्हणाला, अगं, ते खालच्या मजल्यावरचे टीव्ही लावून बसलेत, जाऊन बंद करायला सांग.

वहिनी दिवसभर एका दातांच्या दवाखान्यात फोन घेतात. संध्याकाळी त्यांच्यात बोलायचीही ताकद नसते, ऐकायची तर नाहीच. त्या जागच्या न हलता म्हणाल्या, ‘नाही जाणार मी. नाही सांगणार कुणाला. आणि नका ओरडू माझ्यावर.’

मला हसू फुटलं. पण जावई उठून उभा राहिला. म्हणाला, ‘आई, परत म्हणा.’

वहिनींना वाटलं, जावई रागावला. त्या सावरून घेऊ लागल्या. तो म्हणाला, तसं नाही. जसं म्हणालात तसंच म्हणा. आणि तिथल्या तिथे कागद घेऊन त्याने राजाचं सगळं बोलणं उलटं करायला घेतलं. नका जाऊ गुहेत. नका पिऊ ते पाणी. नाही सामील माझा भाऊ. नकार पुढे, बाकीचं मागे. मग मागचं काही तुटलं तरी शिपाई जगतो. नवऱ्याशी बोलताना बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात, कारण वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा ऐकेल याचा भरवसा नसतो. त्यासाठी एवढा गट जमवायची गरज नव्हती. कुठल्याही स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहायचं.

भोंग्याने कागद वाचला. मला वाटलं होतं, म्हणेल, राजा बायकोसारखा बोलतो काय. पण मेहुणा येणार होता. तो म्हणाला, की हेच मी पहिल्यापासून सांगत होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या घरात एवढीच एक निर्मळ जागा होती.

रविवारी सगळे जमलो. भोंगा, वहिनी, लेक, जावई, मेहुणा, मी आणि माझ्यामागे आमचे हे, ज्यांना काही कळत नव्हतं पण चहा मिळणार होता. जावयाने खेळ मोठ्या टीव्हीला जोडला. सगळं ठीक चाललं तर इथूनच तो फाइली गटाकडे पाठवणार होता. राजा म्हणाला, ‘नका जाऊ...’ आणि गुहा तुटली. पण शिपाई थबकला, मागे फिरला. ‘नका पिऊ ते...’ पाणी तुटलं, शिपाई तहानलेला राहिला पण जिवंत राहिला. भावाच्या वेळी ‘नाही सामील माझा...’ एवढंच आलं, मात्र भाऊ समोरच उभा होता, त्यामुळे कुणाचा काही घोटाळा झाला नाही. मेहुण्याचीही मान हलू लागली. ‘दाजी, आवाज लागलाय बरं का,’ तो म्हणाला, आणि खरं सांगते, थट्टेने नाही म्हणाला. भोंग्याचा ऊर एवढा फुगला की सदऱ्याचं बटण कुणाच्या तरी चहात पडतं की काय असं मला वाटलं.

मग प्रतिज्ञा आली. कागदावर होतं, ‘नाही सोडणार तुम्हाला मी.’ राजा सिंहासनावरून म्हणाला, ‘नाही सोडणार तुम्हाला...’ आणि प्रजेने टोप्या उडवल्या. या वेळी टोप्या बरोबर उडाल्या. लेकीने टाळ्या वाजवल्या. जावयाने सुटकेचा श्वास सोडला आणि फाइली पाठवायला बोट पुढे केलं.

‘थांबा,’ भोंगा म्हणाला. ‘मी कुठे गेला?’

जावयाला कळेना. मग कळलं. तो म्हणाला, ‘बाबा, तो शेवटी होता ना, तो तुटला. पण अर्थ पूर्ण झाला.’

‘अर्थ झाला हो. मी राहिलो.’

मेहुणा म्हणाला, की राजा दिसतोय, बोलतोय, अजून वेगळा मी कशाला हवा. वहिनींनी कपबशा उचलायला घेतल्या. जावई समजावत होता, की बाबा, मंडळी वाट बघतायत. पण भोंगा कपाटात शिरलासुद्धा. पाहुणे बाहेर बसलेत, टीव्हीवर प्रजा टोपी हवेत धरून थिजलीय, आणि आतून रजईखालून आवाज आला. या वेळी ‘मी’ सगळ्यांच्या आधी. ‘मी नाही सोडणार...’ मग तो विराम. तेवढ्यात आमच्या ह्यांनी चहा संपवला. ‘...तुम्हाला.’

जावयाने फाइल उचलली, तेच नाव दिलं, जुनीच्या जागी ठेवली. काय होणार हे त्याला ठेवतानाच कळलं होतं. मी त्याचा चेहरा बघत होते. तो एकदा सासऱ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेला, आणि मग मऊ माणसं करतात तेच त्याने केलं.

राजा सिंहासनात मागे रेलून, सिंहासनाचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाला, ‘मी नाही सोडणार.’ आणि खेळ पुढे गेला.

मेहुण्याने विचारलं, ‘काय नाही सोडणार, दाजी? खुर्ची?’

लेक हसली. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन हसल्या. जावई मान खाली घालून हसला, आणि हसत हसतच त्याने फाइली पाठवून दिल्या. आता हजारो घरांत तो राजा असाच बोलतोय; खेळणाऱ्यांना म्हणे तो फार आवडतो, इतका खरा राजा त्यांनी कुठल्या खेळात ऐकला नव्हता.

भोंगा काही हसला नाही. तो पुढे झुकून, डोळे अर्धे मिटून ऐकत होता. जावयाला म्हणाला, पुन्हा लावा. जावयाने लावलं. ‘आता पूर्ण आलं,’ तो म्हणाला.

‘तुम्हाला’ कापलं गेलंय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आणि आलं असतं तरी त्याने ते शेपूट समजूनच सोडून दिलं असतं.